इंग्लिश खेड्याचा इतिहास: आधी शेतांचा नकाशा, मग डूम्सडे

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याचा इतिहास शोधायला घेतला की पहिला मोह होतो तो १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या पाहणीच्या नोंदवहीत, गावाचं नाव पाहण्याचा. नाव बहुतेकदा सापडतं. पण तिथे जमीनदार, नांगर, गिरण्या आणि कुरणं भेटतात. सामान्य गावकऱ्यांची नुसती संख्या असते. गावातली माणसं गाठायची असतील तर सुरुवात टाइद नकाशापासून, म्हणजे दशांशासाठी काढलेल्या शेतांच्या नकाशापासून करावी.

चर्चला धान्याच्या रूपात द्यायचा दशांश १८३६ च्या कायद्याने रोख रकमेत बदलला. त्यासाठी पॅरिशमधल्या (एका चर्चच्या हद्दीतल्या) जमिनीचे तुकडे मोजून प्रत्येकाला क्रमांक दिला गेला. सोबतच्या यादीत त्या क्रमांकापुढे मालक, कसणारा, शेताचं नाव, जमिनीचा वापर आणि क्षेत्रफळ असतं. क्षेत्रफळाचे तीन रकाने (एकर, रूड, पर्च) नीट वाचा: ४० पर्चचा एक रूड, ४ रूडांचा एक एकर. २-३-१० हे २.३ एकर नसून जवळपास २.८१ एकर आहेत. इथे चुकलं की पुढची सगळी बेरीज चुकते. शेतांची नावं तर सोडूच नका. ‘ब्रिक किल्न फील्ड’ दिसलं की तिथे कधीकाळी वीटभट्टी होती का, ते तपासायचं.

नकाशाची एक प्रत लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये असते, दुसरी बऱ्याचदा काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात. गावाचा नकाशाच नसेल तर निराश होऊ नका. सामाईक शेतं वाटून कुंपणं घातली गेली तेव्हाच कित्येक ठिकाणी दशांशाचा हिशेब मिटला होता. अशा गावासाठी एन्क्लोजर अवॉर्ड, म्हणजे त्या वाटणीचा दस्तऐवज मागवा.

आता या नकाशावर १८४१ आणि १८५१ ची जनगणना बसवा. खेड्यातल्या घरांना तेव्हा सहसा नंबर नसत, म्हणून पब, पाद्रीबाबांचं घर आणि मोठी फार्महाउसं या खुणा धरून गणकाची वाट ओळखावी लागते. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं सहसा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत. ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो. जन्माचा पॅरिश आणि कुटुंबप्रमुखाशी नातं १८५१ पासून मिळतं, त्यामुळे कुटुंबाची जुळणी त्यावरूनच करा. १९३१ चे कागद आगीत गेले आणि १९४१ मध्ये गणनाच झाली नाही, तेव्हा ते शोधण्यात वेळ घालवू नये.

त्यामागे जायचं तर पॅरिशच्या नोंदवह्या. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदवण्याचा हुकूम १५३८ चा, पण तेव्हापासूनच्या वह्या सगळीकडे टिकलेल्या नाहीत. १६४० ते १६६० च्या, म्हणजे यादवीच्या आणि तिच्या आगेमागच्या काळात तर मोठी भगदाडं आहेत. पान फाटलेलं असेल तर बिशपकडे पाठवलेली वार्षिक नक्कल पाहा. सर्वांत मोठा घोळ तारखांचा: १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून वहीतला फेब्रुवारी १७२० आपल्या हिशेबाने १७२१ चा. टिपणात ‘१७२०/२१’ असंच लिहा, नाहीतर बाळाचा बाप्तिस्मा आईबापांच्या लग्नाआधी झालेला दिसेल.

गावाचं सामाजिक जीवन मात्र वेगळ्याच कागदांत आहे. गरिबांना दिलेली भाकरी, बूट, जळण यांचा खर्च ओव्हरसीअरच्या (पॅरिशमधल्या गरिबांची मदत पाहणाऱ्याच्या) हिशेबवह्यांत सापडतो. बेरीज करताना १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड धरा. १८६० च्या दशकापासूनच्या शाळेच्या लॉगबुकांइतकं (रोजच्या नोंदींच्या वह्यांइतकं) जिवंत साधन दुसरं नाही: कापणीसाठी गैरहजर मुलं, गोवराची साथ, हिवाळ्यात बंद पडलेले रस्ते, सगळं मुख्याध्यापकांच्या हातचं. १८९४ च्या कायद्याने पॅरिश कौन्सिलं, म्हणजे गावपातळीवरच्या निवडून आलेल्या समित्या आल्या. पायवाटा, दिवे, दफनभूमी यांवरचे वाद त्यांच्या इतिवृत्तांत वाचा.

रेकॉर्ड ऑफिसात जाताना पेन्सिल न्या, पेन आत चालत नाही. चर्चच्या आवारातला झिजलेला दगड वाचायला घासू नका, खडूही लावू नका. एका बाजूने आरशाने तिरपा उजेड पाडा आणि फोटो काढा, अक्षरं सावलीत उठून दिसतात.