नाताळातल्या हॉरर अँथॉलॉजी बघताय? या चुका टाळा, आणि मधला भाग तर अजिबात पळवू नका

डिसेंबर आला की मला चारपाच जण तरी विचारतात, नाताळात बघायला हॉरर सांग ना, पण एकच लांबलचक गोष्ट नको, छोट्या छोट्या गोष्टींचा सांग. म्हणजे अँथॉलॉजी. मी मनापासून नावं देते आणि आठवड्याने मेसेज येतो की काही कळलंच नाही किंवा अर्ध्यात बंद केला. मग खोदून विचारलं की लक्षात येतं, सिनेमा बरा होता, बघण्यात घोळ झालाय. आणि घोळ दरवर्षी तेच तेच असतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन गोष्टींच्या मधला भाग पळवणं. माझा मामेभाऊ रिमोट हातात घेऊनच बसतो, भूत दिसलं नाही की दहा सेकंद पुढे, परत दहा सेकंद पुढे. अरे पण वेताळ पंचविशीतून विक्रम राजा काढून टाकलात तर उरलं काय? खांद्यावरचं प्रेत, स्मशान, तो योगी, ते सगळं मधल्या भागातच आहे आणि खरा धोका कुणाकडून आहे तेही शेवटी तिथेच कळतं. अँथॉलॉजीचं अगदी तसंच असतं.

उदाहरण घ्यायचं तर 'डेड ऑफ नाइट', १९४५ सालचा, इंग्लंडच्या ईलिंग स्टुडिओचा. एक आर्किटेक्ट गावाकडच्या एका घरात येतो आणि तिथली माणसं बघून म्हणतो, तुम्हाला सगळ्यांना मी स्वप्नात बघितलंय. मग तिथले पाहुणे एकेक करून आपापला अनुभव सांगतात. त्यात एक गोष्ट नाताळच्या पार्टीची आहे, मोठ्या जुन्या घरात मुलं लपाछपी खेळतायत आणि एका मुलीला भलत्याच खोलीत रडणारा लहान मुलगा सापडतो. तो आपलं नाव सांगतो ते नीट ऐका, ते १८६० साली इंग्लंडमध्ये खरंच घडलेल्या एका खून प्रकरणातलं आहे. पण माझ्या मते सिनेमातली सगळ्यात भारी गोष्ट ही नाहीच, सगळ्यात भारी आहे तो आर्किटेक्ट आणि ते घर, म्हणजे तुम्ही जे पळवता तेच. शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की फ्रेड हॉइल, बाँडी आणि गोल्ड या तीन शास्त्रज्ञांनी हा सिनेमा बघितला आणि त्याच्या रचनेवरून गोल्डच्या डोक्यात आलं की विश्वही असंच असलं तर? १९४८ साली त्यांनी स्थिर स्थिती विश्वाचा सिद्धांत मांडला, म्हणजे विश्वाला सुरुवात नाही आणि शेवटही नाही असं म्हणणारा. हेच ते हॉइल, आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. भुताच्या सिनेमाची चौकट कुठपर्यंत जाऊ शकते बघा, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

याच सिनेमात अजून एक गोची आहे. अमेरिकेत तो पहिल्यांदा लागला तेव्हा त्यातली नाताळची आणि गोल्फची अशा दोन गोष्टी कापल्या होत्या. त्यामुळे बघताना गोष्टी मोजा, पाच भरल्या पाहिजेत. लपाछपी आलीच नाही तर तुमच्या हातात अर्धवट प्रिंट आहे, बंद करा आणि पूर्ण शोधा. पूर्ण सिनेमा शंभर मिनिटांच्या थोडा वर आहे.

आता 'अ ख्रिसमस हॉरर स्टोरी', कॅनडाचा, २०१५. इथे लोक वेगळ्याच कारणाने गोंधळतात. त्यांना वाटतं एक गोष्ट संपेल मग दुसरी सुरू होईल, आणि इथे चार गोष्टी आलटून पालटून चालतात, शाळेच्या तळघरात अडकलेली पोरं, जंगलातून झाड तोडून आणल्यावर बदललेला मुलगा, क्रॅम्पस (वाईट वागणाऱ्यांना शिक्षा करणारा शिंगवाला राक्षस) मागे लागलेलं कुटुंब आणि उत्तर ध्रुवावर पिसाळलेल्या एल्फांशी, म्हणजे आपल्याच बुटक्या मदतनिसांशी, लढणारा सांता. मग लोकांना वाटतं आपलं काहीतरी सुटलं, आणि मागे जाऊन परत बघत बसतात. काही सुटलेलं नाही, चालू द्या. चारही गोष्टी एकाच रात्रीच्या आहेत आणि त्या रात्री गावाच्या रेडिओवर जो निवेदक बडबडतोय त्याला धरून बसा. तो विल्यम शॅटनर आहे, स्टार ट्रेकचा कॅप्टन कर्क. त्याची बडबड टाइमपास वाटते पण शेवटाची तयारी तिथूनच होत असते. शेवटची दहा मिनिटं फोन बाजूला ठेवा, आणि आधी विकीवर कथानक वाचू नका, या सिनेमात त्याने खरंच वाट लागते.

नाव टाइप करतानाही बघा. त्याच वर्षी 'क्रॅम्पस' नावाचा अमेरिकन सिनेमा आला, त्यातही तोच शिंगवाला, पण ती सरळ एकाच कुटुंबाची गोष्ट आहे, अँथॉलॉजी नाही. आणि 'अमेरिकन हॉरर स्टोरी' ही तर सीरियल आहे. क्रॅम्पस हा नाताळच्या रात्रीचा पाहुणा असंही बऱ्याच जणांना वाटतं, पण ऑस्ट्रिया, बव्हेरियाकडे त्याची रात्र ५ डिसेंबरला असते, सेंट निकोलसच्या सणाच्या आदल्या दिवशी. म्हणजे थीम जमवून बघायचं असेल तर तारीख ती धरा.

पोस्टरवर सांता आहे म्हणून पोरांना घेऊन बसू नका. मी केलंय हे, बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा होता, आणि नंतर महिनाभर तो लाल टोपी दिसली की आईच्या मागे लपायचा. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' (१९७२) बद्दलची तक्रार म्हणजे "यात नाताळ कुठेय?". पाचपैकी फक्त पहिली गोष्ट नाताळची आहे, अभिनेत्री जोन कॉलिन्सची. घरात तिनेच केलेला नवऱ्याचा खून, बाहेर सांताच्या कपड्यातला वेडा खुनी, आणि पोलिसांना फोन करायची सोय नाही. संवाद जवळजवळ नाहीतच, आवाज वाढवून बघा. हीच गोष्ट १९८९ च्या टीव्ही सीरियलमध्ये रॉबर्ट झेमेकिसने परत केली, ती वेगळी. मूळ दोन्हींचं १९५४ च्या कॉमिकमध्ये आहे.

'डेथसेंबर' एका बैठकीत संपवू नका. त्यात २४ शॉर्ट फिल्म आहेत, कारण तो अ‍ॅडव्हेंट कॅलेंडरवर बेतलेला आहे, १ ते २४ डिसेंबर रोज एक खिडकी उघडायची ते कॅलेंडर. सलग बघितलं की आठवीनववीनंतर डोकं बधिर होतं आणि चांगल्या गोष्टीही वाया जातात. एखादी आवडली नाही तर सिनेमाच बंद करायची घाईही नको, दिवाळी अंकातली एक कथा पडली म्हणून आपण अंक रद्दीत देत नाही ना.

टीव्हीचंही थोडं. अंधाराचे सीन राखाडी दिसत असतील तर पिक्चर मोड व्हिव्हिडवरून सिनेमा किंवा फिल्ममेकरवर टाका आणि खोलीतली ट्यूब बंद करा. सगळं मालिकेसारखं गुळगुळीत हलतंय असं वाटलं तर मोशन स्मूदिंग बंद करा, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. बोलणं ऐकू येत नाही आणि किंकाळीला शेजारी जागे होतात, असं असेल तर आवाज ५.१ वर, म्हणजे बऱ्याच स्पीकरांसाठीच्या सेटिंगवर, अडकलाय का बघा, स्टिरिओ करा.

आणि "सणासुदीला भुतं कशाला" म्हणणाऱ्यांना सांगा की इंग्लंडमध्ये नाताळच्या रात्री शेकोटीपाशी भुताच्या गोष्टी सांगायची पद्धत जुनी आहे. डिकन्सची कंजूष स्क्रूजची गोष्ट, 'अ ख्रिसमस कॅरल', १८४३ ची, तीही भुतांचीच. बीबीसी १९७१ ते ७८ दरवर्षी नाताळात एक भूतकथा दाखवायची. यातली 'द सिग्नलमन' (१९७६) डिकन्सच्याच कथेवरची आहे, अँथॉलॉजी बघायला जमलं नाही तर २४ च्या रात्री झोपायच्या आधी ती तेवढी बघा, चाळीसेक मिनिटांची तर आहे.