गाणं लिहून पोट भरायचं असेल तर कंट्रीवाल्यांकडून काय काय उचलायचं

नागपुरात गाणी लिहिणारे पोट्टे-पोट्टी लय आहेत, वह्या भरल्या आहेत, चाली मोबाईलमध्ये गुणगुणून ठेवल्या आहेत, पण पुढे काय विचारलं की एकच उत्तर, कोणीतरी चान्स दिला पाहिजे. त्यांच्यासाठी हे लिहून राह्यलो. अमेरिकेत टेनेसी राज्यात नॅशविल नावाचं शहर आहे, कंट्री म्युझिकचं, म्हणजे तिकडच्या गावाकडच्या गाण्यांचं, सगळं कामकाज तिथून चालतं, आणि तिथे असे कितीतरी लोक आहेत ज्यांचा चेहरा कोणाला माहीत नाही, पण दुसऱ्यांसाठी गाणी लिहून त्यांचं घर चालतं. त्यांची आयुष्यं वाचली की कळतं, यात चान्सचा भाग थोडा आहे, रोजच्या कामाचा आणि कागदपत्रांचा जास्त.

आधी नोकरीचं बोलू, कारण घरात भांडण तिथूनच सुरू होतं. क्रिस क्रिस्टोफरसन हा पुढे मोठा कंट्री गीतकार झाला, पण आधी तो ऑक्सफर्डला ऱ्होड्स नावाच्या नामी स्कॉलरशिपवर शिकला, नंतर आर्मीत कॅप्टन, हेलिकॉप्टर पायलट. १९६५ मध्ये आर्मी सोडून तो नॅशविलला आला आणि कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत झाडू मारायचं काम धरलं, पैसे कमी पडले की मेक्सिकोच्या आखातात तेलवाल्यांसाठी हेलिकॉप्टर उडवायला जायचा. नाव व्हायला पाच-एक वर्षं गेली. म्हणून सांगतो, मिहानमध्ये जॉब असेल तर सोडू नका, आणि जॉब शोधतच असाल तर स्टुडिओ, साऊंड सर्व्हिस, ऑर्केस्ट्रा यांच्या आसपासचा शोधा, केबल गुंडाळायचं काम असलं तरी चालेल, गाणं कसं रेकॉर्ड होतं ते तिथे फुकट पाहायला मिळतं.

आता लिहिण्याचं, इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

कंट्री गाणं म्हणजे तीन-चार मिनिटांत सांगितलेली गोष्ट. "बापाने लई कष्ट केले" असं हे लोक लिहीत नाहीत, बापाच्या हातात काय होतं ते लिहितात. आणि बहुतेक वेळा आधी एक ओळ ठरवतात, तेच गाण्याचं नाव, आणि प्रत्येक अंतरा फिरून त्या ओळीवर आणून सोडतात. ओळ तीच राहते पण दर वेळी वेगळी लागते. आपल्याकडचं उदाहरण घेऊ, ओळ धरा "उद्या नक्की", आणि गाणं एका मुलीचं आहे जिचे बाबा काटोलकडून कळमना मार्केटला संत्री आणतात (पट्टी म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचा कागद, आंबिया म्हणजे संत्र्याचा बहार).

पहिला अंतरा:
गाडी खाली झाली, बाबांनी पट्टी घडी करून खिशात ठेवली
शेठ चष्म्यावरून बघत बोलला, उद्या नक्की

दुसरा:
सायकलच्या दुकानासमोर बाबांची चाल जरा वाढली
मी बोट ओढलं तर म्हणाले, उद्या नक्की

तिसरा:
पुण्यात रात्री फोन वाजला, आंबिया फुटला, येतेस ना
लॅपटॉपवरची नजर न काढता मी म्हटलं, उद्या नक्की

यात गरिबी हा शब्द नाही, दुःख नाही, बापाची माया नाही, तरी सगळं आलं. आधी शेठ टाळतो, मग बाबांना टाळावं लागतं आणि शेवटी ती स्वतः टाळते. बाबांची चाल वाढली हे ऐकताना माणूस दुकान पाहतो, सायकल पाहतो, आणि बाबांचा चेहरा तुम्ही न सांगता पाहतो. आपल्या गाण्यातली एक एक ओळ तपासा, डोळ्यासमोर काही दिसून राह्यलं का? काळीज, आसवं, जीवन, स्वप्न असे शब्द दिसले की पेन्सिलने गोल करा आणि त्या जागी वस्तू टाका, जागा टाका, कोणाचं तरी बोलणं टाका. आणि बोलणं आपल्या बोलीतलं. "काहून" म्हणत असाल तर गाण्यात "का बरे" कशाला लिहिता? कंट्रीवाले आपल्या गावचा हेल लपवत नाहीत, त्यावरच गाणं उभं करतात, मग वऱ्हाडी-नागपुरीची लाज आपल्यालाच का वाटावी हे मला खरंच समजत नाही.

चालीला फार डोकं लावू नका. बरीचशी कंट्री गाणी तीन कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजवलेल्या सुरांच्या तीन जोडण्यांवर, बसतात, पहिला, चौथा, पाचवा, म्हणजे आपल्या हिशेबाने सा, म आणि प वरचे. नॅशविलचे वादक कॉर्ड आकड्यांत लिहितात, १, ४, ५ असं, म्हणजे गाणारा काळी दोनमध्ये गाओ की पांढरी चारमध्ये, कागद तोच राहतो. आपल्या सरगमचं तेच आहे, सा कुठेही धरा, त्यामुळे पेटीवाल्याला हे समजवायला चहा संपायच्या आत होतं. चाल इतकी सोपी ठेवा की शब्द पहिल्याच वेळी ऐकू येतील. यासाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं नीट कान देऊन ऐका, मागे बसलेल्या शेवटच्या माणसालाही शब्द कळतो आणि दुसऱ्या कडव्याला तो सोबत म्हणायला लागतो.

मग रुटीन. नॅशविलमध्ये म्युझिक रो नावाचा भाग आहे, तिथे गीतकार सकाळी दहा-अकराची वेळ ठरवून भेटतात, दोघं किंवा तिघं, खोलीत बसतात आणि दुपारपर्यंत गाणं उभं करतात. मूड आला नाही वगैरे प्रकार नाही. आणि खोलीत जितके जण, तितके सारखे हिस्से, कोणी एकच ओळ दिली असली तरी, हा तिथला साधारण रिवाज आहे. रविवारची सकाळ ठरवा, एक शब्दवाला, एक पेटी किंवा गिटारवाला, तर्री-पोहे झाले की बसायचं आणि गाणं अर्धवट सोडून उठायचं नाही. वाईट झालं तरी पूर्ण करा, अर्धवट गाण्यातून काही शिकता येत नाही.

ऐकवायचं कुठे? नॅशविलला ब्लूबर्ड कॅफे आहे, १९८२ मध्ये सुरू झालेला, छोटीशी जागा. तिथे गीतकार लोकांच्या मधोमध गोल करून बसतात, पाळीपाळीने आपलं गाणं म्हणतात आणि ते कसं सुचलं ते सांगतात, ऐकणाऱ्यांनी गप्प बसायचं हा तिथला नियम. धरमपेठेतल्या कॅफेत नाही तर कोणाच्या गच्चीवर हे सहज होतं, चार खुर्च्या मधात, मोबाईल बंद, ड्रमसेट नको. कुठल्या ओळीला लोक चुळबुळ करतात ते लक्षात ठेवा, घरी जाऊन तीच ओळ बदला.

आणि आपल्याकडे नवीन गाणी लागतात बरं. १४ एप्रिल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतं निघतात, गणपतीत मंडळांना पाहिजे असतात, निवडणुकीत प्रचाराची, आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन लागतो, तिथे गाणी लाईव्ह होतात. वडसा-देसाईगंजला जाऊन नाटक मंडळींना प्रत्यक्ष भेटा, पीडीएफ पाठवून काही होत नाही.

आता कागद. विली नेल्सन या कंट्री गायक-गीतकाराने नाव व्हायच्या आधी आपलं एक गाणं ५० डॉलरला विकलं, ते १९६० मध्ये दुसऱ्याच्या आवाजात हिट झालं आणि गीतकार म्हणून त्याचं नावही नव्हतं. उलट डॉली पार्टन, ती पण कंट्रीचीच गायिका-गीतकार. तिचं १९७४ चं हिट गाणं एल्विस प्रेस्लीला गायचं होतं, त्याच्या मॅनेजरने अट टाकली की पब्लिशिंगचा, म्हणजे गाण्याच्या मालकीचा, अर्धा हक्क द्या, ती नाही म्हणाली. एल्विसला नाही म्हणायला काय लागत असेल! १९९२ मध्ये तेच गाणं व्हिटनी ह्यूस्टनने गायलं आणि जगभर वाजलं, हक्क डॉलीकडेच होते.

तिकडचा हिशेब पण पाहून घ्या. २००६ पासून २०२२ पर्यंत अमेरिकेत विकल्या गेलेल्या एका कॉपीमागे (सीडी किंवा डाउनलोड) गाण्याला कायद्याने ९.१ सेंट मिळायचे. अर्धे पब्लिशरचे, म्हणजे गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीचे, उरलेले दोन गीतकारांत वाटले तर एक लाख कॉप्यांवर एकाच्या हातात २,२७५ डॉलर. म्हणून एका हिटवर कोणी बसून खात नाही, रेडिओवर वाजल्याचे पैसे वेगळे येतात आणि गाणी लिहीतच राहावी लागतात.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांची बाजू बरीच भक्कम केली. सिनेमातलं गाणं थिएटरबाहेर कुठेही वापरलं की रॉयल्टीतला, म्हणजे वापरामागे मिळणाऱ्या पैशातला, गीतकाराचा वाटा राहतो, तो कंपनीला लिहून देता येत नाही. हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. हक्क गीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. रॉयल्टी गोळा करणारी संस्था आयपीआरएस, १९६९ पासूनची, गाणं कुठेतरी प्रसिद्ध झालं की मेंबर व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. कोणी "वन टाइम पेमेंट, सर्व हक्क कायमस्वरूपी" असा कागद पुढे केला तर तिथल्या तिथे सही करू नका, घरी आणा, वकिलाला दाखवा.

आणि दोस्तांमधला कागद सगळ्यात आधी, कारण गाणं चाललं की भांडण दोस्तांतच होतं. गाणं पूर्ण झालं की खोलीतून उठायच्या आधी ग्रुपवर टाका: गाण्याचं नाव, आजची तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, प्रत्येकाचा हिस्सा किती टक्के, सोबत मोबाईलवरचं कच्चं रेकॉर्डिंग. सगळ्यांनी खाली "मान्य" लिहायचं, मग निघायचं.