स्टुडिओ ते ट्रान्समीटर : आयपी जोडणीसाठी ऑडिओ कोडेक कसा बसवावा

एफएम केंद्राचा स्टुडिओ शहरात आणि ट्रान्समीटर डोंगरावर असेल, तर स्टुडिओतील कोडेक मिक्सरचा आवाज पॅकेटांत (डेटाच्या छोट्या तुकड्यांत) बांधून आयपी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतीच्या जाळ्यावरून पाठवतो आणि डोंगरावरचा कोडेक तो पुन्हा उलगडतो. दोन्ही यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची असल्यास ती युरोपीय प्रसारण संघाच्या, आयपीवरून आवाज पाठवण्यासाठीच्या एन/एसीआयपी मानकाप्रमाणे चालतात, याची खात्री खरेदीपूर्वीच करून घ्यावी.

आधी बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा पाठवायचा ते, ठरवावा. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ असा कॉम्प्रेस न केलेला आवाज सेकंदाला १,५३६ किलोबिट घेतो. फायबर असेल तर खुशाल हाच पाठवावा, कारण संग्रहातील गाणी पुष्कळदा आधीच एमपीथ्री असतात आणि त्यांवर दुसरे कॉम्प्रेशन चढले की टाळ-झांजांचा नाद चिरका होतो. मोबाइल डेटावर मात्र ओपस हा आवाज कॉम्प्रेस करणारा प्रकार बरा. प्रत्येक पॅकेटला आयपी, यूडीपी आणि आरटीपी या पाठवणीच्या नियमसंचांचे मिळून ४० बाइटांचे हेडर (पत्ता, क्रमांक अशी माहिती) लागते. २० मिलिसेकंदांची पॅकेटे केल्यास त्यापायी सेकंदाला १६ किलोबिट जातात, ५ मिलिसेकंदांची केल्यास ६४.

कायमस्वरूपी सार्वजनिक आयपी पत्ता एका टोकाला असला तरी पुरतो. जोडणीचा कॉल नेहमी असा पत्ता नसलेल्या टोकाच्या कोडेकने लावावा. राउटरमधील ‘एसआयपी एएलजी’ ही कॉलच्या संदेशांतील पत्ते बदलणारी सोय बंद ठेवावी, कारण कॉल लागतो पण आवाज येत नाही, या तक्रारीच्या मुळाशी बरेचदा तीच असते.

खरे कौशल्य जिटर बफर, म्हणजे आलेली पॅकेटे क्षणभर साठवून सारख्या अंतराने पुढे देणारा साठा, किती मोठा ठेवायचा ते ठरवण्यात आहे. पॅकेटे ठरल्या अंतराने निघतात, पण पोहोचताना मागेपुढे होतात. सायंकाळच्या गर्दीच्या वेळेसह किमान एक आठवडा हा फरक नोंदवावा आणि सर्वात वाईट नोंदीपेक्षा थोडा मोठा बफर ठेवावा. उशीर वाढतो हे खरे. त्यामुळे निवेदकाच्या हेडफोनमध्ये रेडिओवरचा आवाज न देता मिक्सरचाच द्यावा. शिवाय दोन कोडेकांची आवाजाचा वेग ठरवणारी आतली घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखांत ४० भागांचा फरकही दिवसाला सुमारे साडेतीन सेकंदांवर जातो आणि ३०० मिलिसेकंदांचा बफर दोन-अडीच तासांतच रिकामा होतो किंवा ओसंडतो. म्हणून बफरच्या पातळीवरून आपला वेग जुळवून घेणाराच कोडेक निवडावा.

दुसरी वाट हवीच. तोच प्रवाह दोन सेवांवरून एकाच वेळी पाठवला, की एकीकडचे हरवलेले पॅकेट दुसरीकडून मिळते. मात्र दोन्ही केबली एकाच चरातून आल्या असतील, तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही तुटतात. त्यामुळे दुसरी वाट बिनतारी असलेली बरी.

आवाजाची पातळी सावरून त्याची शिखरे छाटणारा ऑडिओ प्रोसेसर ट्रान्समीटरपाशी बसवावा. स्टुडिओतच छाटलेला आवाज कॉम्प्रेशनमधून गेला, तर त्याची शिखरे पुन्हा उंचावतात आणि डेव्हिएशनची (एफएम लहरीची वारंवारिता किती सरकावी याची) मर्यादा ओलांडली जाते. त्याच टोकाला शांतता ओळखणारे यंत्र लावावे, कारण मिक्सरचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली राहिला तरी पॅकेटे नियमित येतच राहतात आणि कोडेकवरचा हिरवा दिवा सारे ठीक असल्याचे सांगतो. शांतता ठराविक सेकंदांपेक्षा लांबली, की तेथील मेमरी कार्डावरचा राखीव कार्यक्रम आपोआप सुरू झाला पाहिजे.

शेवटी, प्रसारण बंद असताना मुख्य केबल हाताने उपसून दुसऱ्या वाटेवर आवाज अखंड राहतो का ते ऐकावे. मग तीही तोडून राखीव कार्यक्रम किती सेकंदांत लागतो ते घड्याळ लावून मोजावे आणि तो आकडा डोंगरावरच्या नोंदवहीत तारखेसह लिहावा.