लाकडी कील-बोट शिकायला निघालेल्या कोल्हापूरकरांसाठी

दुपारी तीन-चारला रंकाळा चौपाटीवर उभं राहा. पश्चिमेचा वारा सुटला की पाण्यावर काळपट सुरकुत्यांचे पट्टे सरकत येतात. तो पट्टा म्हणजे जोराची झुळूक. दिसल्यापासून अंगावर येईपर्यंत किती सेकंद गेले, ते आठवडाभर रोज मोजा. शीड शिकायचं तर आधी वारा दिसायला हवा, आणि त्याला बोट लागत नाही.

कील-बोटीसाठी, म्हणजे तळाखाली जड पातं (कील) असलेल्या शिडाच्या बोटीसाठी, मात्र मुंबई बंदर गाठावं लागतं, तेही पावसाळा संपल्यावर. त्याआधी हलक्या डिंगीवर, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीवर, वीस-पंचवीस फेऱ्या माराव्यात असं आमचं ठाम मत आहे. डिंगीत चूक झाली की लगेच पाण्यात पडता. कील-बोट तीच चूक पोटात घेते आणि जरा वेळानं, धक्क्याशी पोचल्यावर, वसूल करते.

याचं कारण वजन. 1942 च्या आराखड्याची फोकबोट ही कील-बोट 7.68 मीटर लांब आणि जवळपास दोन टनांची. त्यातलं निम्मं वजन तळाखालच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कीलमध्ये असतं. पैलवान बूड खाली ठेवून उभा राहतो, तशी ही बोट वाऱ्यात कलते पण सहसा उलटत नाही. शिरोलीच्या फौंड्रीत काम केलेल्यांना पुढचं सांगायला नको: शिसं बिडापेक्षा दीडपट जड, पण महाग. बीड स्वस्त, पण खाऱ्या पाण्यात गंजतं. गंजाची खरी जागा म्हणजे कीलचे बोल्ट. वरचा नट ठणठणीत दिसतो, आणि लाकूड नि लोखंड जिथं भेटतं तिथं बोल्टची कंबर झिजून निम्मी झालेली असते. सांध्यातून तांबूस ओघळ दिसला तर नट आवळून समाधान मानू नका. एक बोल्ट पूर्ण बाहेर काढून मधला भाग बघा.

लाकडाचं दुसरं दुखणं सुकण्याचं. गाडीच्या चाकाची धाव ढिली झाली की चाक पाण्यात भिजवतात, तेच इथं. पावसाळाभर जमिनीवर राहिलेल्या बोटीच्या फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. पाण्यात सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस ती गळणारच. तेव्हा बोट उचलायच्या पट्ट्यांवर टांगती ठेवून पंप चालू ठेवायचा, फळ्या फुगल्या की सांधे आपोआप मिटतात. नवखी माणसं घाबरून उघड्या सांध्यांत कडक लांबी (पुट्टी) ठासतात. मग फुगलेल्या फळीला जागाच उरत नाही आणि ती आतल्या बरगड्यांचे खिळे उपटते. कोरड्या सांध्यात मऊ राहणारं, दाबलं की बाहेर येणारं मिश्रणच भरावं.

टॅक घेताना, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे नेताना, टिलर (सुकाणूचा दांडा) हळू ढकला. झटका दिलात तर सुकाणू ब्रेकसारखं आडवं येतं, वेग मरतो आणि बोट वाऱ्यात तोंड खुपसून उभी राहते. तसं झालं तर जिब, म्हणजे पुढचं छोटं शीड, वाऱ्याच्या बाजूला हातानं धरा, नाक फिरतं. बोट मागं सरकू लागली की टिलरचं काम उलटं होतं, हे तेव्हा आठवायला हवं. जाईब करताना, म्हणजे बोटीची मागची बाजू वाऱ्यातून पलीकडे नेताना, मेनसेलचा (मोठ्या शिडाचा) दोर आधी पूर्ण आत ओढून घ्या, नाहीतर बूम, म्हणजे त्या शिडाखालचा आडवा दांडा, डोक्याच्या उंचीवरून सुसाट पलीकडे जाते. वारा जास्त असेल तर जाईबचा नाद सोडून टॅक घेऊनच वळा, त्यात कमीपणा नाही. टिलर दोन हातांनी ओढून धरावा लागत असेल तर शीड जास्त झालंय. दोर सैल करा, तरी भागलं नाही तर शीड कमी करा.

सगळ्यात जास्त घाम बोयावर, म्हणजे बोट बांधायच्या तरंगत्या पिंपावर, येताना फुटतो. शिडातला वारा सोडून दिला तरी दोन टनांची बोट स्वतःच्या लांबीच्या तीन-चार पट पुढं जात राहते. तुमची बोट किती जाते, ते मोकळ्या पाण्यात तरंगतं काहीतरी टाकून आधीच मोजा. मुंबईत उधाणाच्या दिवशी प्रवाह वाऱ्याला भारी पडतो. म्हणून प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून या. वारा मागून येत असेल तर मेनसेल आधीच खाली घ्या आणि फक्त जिबवर या, म्हणजे शेवटी जिब सोडली की बोट थांबते. बोया हुकला तर आकडीच्या काठीनं ताणाताण करू नका, पुन्हा फेरी मारा.

आणि उघड्या कॉकपिटची (बसायच्या खोलगट जागेची) कील-बोट उलटत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. डिंगीत हवेचे कप्पे असतात, हिच्यात बहुधा नसतात. एक मोठी लाट आत आली की टनभर बीड तिला सरळ तळाला नेतं. लाइफजॅकेट अंगातच हवं, आणि पंपासोबत दोरी बांधलेली एक बादलीही.