अर्धशिशी आहे? मग गोळ्या, उपास आणि व्हिटॅमिनच्या बाबतीत या चुका टाळा

आपल्याकडे डोकं दुखून उलटी झाली की निदान घरातच होऊन जातं. पित्त झालंय, पडलं ना उलटून, आता बरं वाटेल. मला हे आईने सांगितलं, लग्न होऊन नाशिकच्या सिडकोत आले तर सासूबाईंनी पण तेच सांगितलं, आणि मला पटायचं कारण उलटीनंतर थोडा वेळ खरंच हलकं वाटायचं. कोकम, आवळा, मोरावळा, सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, वर्षानुवर्षं सगळं केलं. पण डोक्याची एकच बाजू ठसठसणार, ट्यूबलाइट सहन होणार नाही, कुकरची शिट्टी डोक्यात घुसणार, जिना चढला की अजून वाढणार, हे पित्ताचं नाही हो, ही अर्धशिशी म्हणजेच मायग्रेन आहे. मळमळ आणि उलटी हा मायग्रेनचाच भाग असतो. सायनस म्हणून वर्षभर वाफारे घेणारे पण खूप आहेत, कारण मायग्रेनमध्ये नाक चोंदतं, डोळ्याला पाणी येतं. तर पहिली चूक हीच, चुकीच्या नावाने उपचार करत राहणं.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि मी हिच्यासाठीच लिहायला बसले. गोळ्या न मोजणं.

न्यूरोलॉजिस्टनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, महिन्यात किती दिवस पेनकिलर घेता? मी म्हटलं चार-पाच. ते म्हणाले, लिहून आणा. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय लावलेलं असतं, त्यावर दुधाचा हिशोब आणि सिलेंडर कधी लावला ते लिहिते, तर त्याच चौकोनात डोकं दुखलं की निळा ठिपका आणि गोळी घेतली की लाल ठिपका द्यायला लागले. महिना संपला तेव्हा लाल ठिपके मोजले, १९. मी परत मोजले. पर्समधली, ऑफिसच्या ड्रॉवरमधली, मेडिकलवाल्याकडून सुटी घेतलेली एखादी, यातली कुठलीच माझ्या हिशोबात नव्हती.

साध्या पेनकिलर, म्हणजे पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन वगैरे, महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि खास मायग्रेनच्या अटॅकवर घ्यायच्या ट्रिप्टान, अर्गोटामाइनवाल्या गोळ्या किंवा कॅफिन घातलेल्या मिक्स गोळ्या महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. गोळीचा असर उतरला की दुखणं, परत गोळी, परत दुखणं. डॉक्टर क्रॉनिक मायग्रेन म्हणतात ते महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखतं आणि त्यातले निदान ८ दिवस मायग्रेनसारखे असतात आणि हे तीन महिन्यांच्या वर चालतं तेव्हा, आणि यातल्या बऱ्याच जणांच्या मागे हे गोळ्यांचं चक्र असतंच.

पण हे वाचून उद्यापासून सगळं एकदम बंद असं करू नका. बंद केल्यावर पहिले काही दिवस, कधी आठवडाभर पण, दुखणं वाढतं, उलट्या होतात, झोप जाते. मला नऊ दिवस लागले आणि ते नऊ दिवस नवऱ्याने डबे केले, मुलीने टीव्हीचा आवाज बंद ठेवून कार्टून बघितलं. डॉक्टरांना सांगून, आधार घेऊनच करायचं. झोपेच्या किंवा ट्रामाडॉलसारख्या जबर पेनकिलर गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने अजिबातच नाही.

याच्या उलट चूक पण आहे. गोळ्या वाईट असं डोक्यात बसलं की माणूस दाबून धरतो, बघू अजून तासभर, आणि मग मळमळ सुरू झाल्यावर घेतो. मायग्रेनमध्ये पोट मंद चालतं, गोळी तशीच पडून राहते. घ्यायची तर सुरुवातीला, पूर्ण डोस, गरज असेल तर डॉक्टरांनी दिलेली उलटीची गोळी जोडीला, पण आठवड्यातून दोन दिवसांच्या वर नाही. लवकर घ्या आणि दिवस मोजा, दोन्ही एकत्र चालायला पाहिजे. आणि ट्रिप्टान आणि अर्गोटामाइन २४ तासांत एकत्र घेऊ नका, हार्टचा त्रास असेल तर दोन्ही नकोच. शेजारच्या वहिनींना लागू पडली म्हणून त्यांच्या स्ट्रिपमधली अर्धी गोळी घेणं इथेच महागात पडतं.

रोजची गोळी पंधरा दिवसांत सोडणं

प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, फ्लुनारिझिन, या रोज घ्यायच्या गोळ्या, डोकं दुखू नये म्हणून. दुखायला लागल्यावर घेतली तर काही उपयोग होत नाही, आणि खूप जण तसंच करतात. डोस कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवतात आणि फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. मी पहिल्या वेळी २० दिवसांत सोडली होती आणि सगळ्यांना सांगत सुटले की मला औषधच लागू पडत नाही. आणि फरक म्हणजे शून्य दुखणं नाही, महिन्याचे दिवस निम्मे झाले तर औषधाने काम केलं असं डॉक्टर धरतात.

साइड इफेक्ट माहीत असले की माणूस घाबरून सोडत नाही. टोपिरामेटने बोटांना मुंग्या येतात, शब्द पटकन आठवत नाही, भूक कमी होते, पाणी भरपूर प्यावं लागतं कारण मुतखड्याचा धोका असतो. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, झोप येते म्हणून ती रात्रीची. फ्लुनारिझिनने वजन वाढतं, आणि मन उदास राहायला लागलं किंवा हात थरथरले तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको, आणि ती चालू असताना एकदम तोडायची नाही. प्रोप्रॅनोलॉलवर असाल आणि दुखल्यावर रिझाट्रिप्टान घेत असाल तर रिझाट्रिप्टानचा डोस कमी लागतो, म्हणून दोन वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतील तर दोघांनाही दोन्ही दाखवा.

बायकांसाठी एक वेगळं सांगते, मनापासून सांगते. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट (ही पण मायग्रेनला रोज घ्यायला देतात) गरोदरपणात बाळाला धोकादायक आहेत, दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी बोला. आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे झिगझॅग चमकतं, अर्धं दिसत नाही असं होत असेल, याला ऑरा म्हणतात, तर इस्ट्रोजेनवाल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी स्ट्रोकचा धोका वाढतो. गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपण मेडिकलमधून सहज आणतो, त्या पण हार्मोनच्याच असतात, ऑरा असेल तर न विचारता घेऊ नका.

खाण्यात सगळ्यालाच दोष देणं

रविवारी मिसळ खाल्ली की माझं डोकं ठरलेलं, म्हणून मी दोन वर्षं मिसळ सोडली, नाशिकमध्ये राहून. नंतर ठिपक्यांच्या शेजारी वेळा लिहायला लागले तेव्हा कळलं. रविवारी साडेआठपर्यंत झोप, मिसळीला जायचंय म्हणून चहाबरोबर बिस्कीटसुद्धा नाही, मग गंगापूर रोडच्या पुढे एखाद्या मळ्यात जायचं, तिथे गर्दी, नंबर लागेपर्यंत अकरा, आणि तोवर डोळ्यावर ऊन. जास्तीची झोप, लांबलेलं खाणं, ऊन, हे तिन्ही ट्रिगर, म्हणजे अटॅक सुरू करून देणाऱ्या गोष्टी, एकाच सकाळी. आता रोजच्याच वेळी उठते, एक केळं खाऊन निघते, टोपी घालते, आणि मिसळ खाते.

चॉकलेटचं पण असंच. अटॅकच्या आदल्या दिवशी गोड खावंसं वाटणं, जांभया येणं, मान जड होणं ही अटॅकची सुरुवातच असू शकते, चॉकलेटमुळे दुखलं असं नाही. म्हणून टोमॅटो, दही, केळी, शेंगदाणे सगळं एकदम बंद करू नका, माणूस उपाशी राहतो आणि उपाशी राहणं हाच मोठा ट्रिगर. एका वेळी एकच गोष्ट काढून चार आठवडे बघा. वाईन मात्र खूप जणांना खरंच चालत नाही, पाहुणे आले की वाइनरीला आपण नेतोच, तर निदान उपाशीपोटी आणि भर दुपारी नको.

संकष्टीचा उपास चंद्रोदयापर्यंत, दिवसभर चहावर, हे अर्धशिशीवाल्याने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. श्रद्धा मी पण ठेवते. दर तीन-चार तासांनी राजगिऱ्याचा लाडू, ताक, फळ, शिंगाड्याची पेज असं खाऊन पण उपास होतो. चहा रोज जेवढा तेवढाच, त्याच वेळी. सोमवार ते शुक्रवार ऑफिसात पाच कप आणि रविवारी एक असं केलं की कॅफिन तुटल्यानेच डोकं दुखतं.

व्हिटॅमिन मनाने घेणं

मायग्रेनसाठी अभ्यास झालेत ते रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ रोज ४०० मिग्रॅ, मॅग्नेशियम रोज ४०० ते ६०० मिग्रॅ आणि को-क्यू-१० रोज ३०० मिग्रॅच्या आसपास. पुरावा मध्यमच आहे, पण काहींना उपयोग होतो. चूक अशी होते की साधी बी-कॉम्प्लेक्स घेऊन म्हणायचं, मी बी-२ घेते. लेबल वाचा, त्यात बी-२ यापेक्षा खूपच कमी असतं. दुसरं, तीन महिने न घेता निकाल लावायचा. बी-२ ने लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका. मॅग्नेशियमने जुलाब होऊ शकतात, आणि किडनीचा त्रास असलेल्यांनी ते डॉक्टरांना न विचारता घ्यायचं नाही. तीळ, राजगिरा, नाचणी, भोपळ्याच्या बिया जेवणात ठेवा, पण त्यातून एवढा डोस भरत नाही. आणि बटरबर नावाचं हर्बल ऑनलाइन दिसलं तर घेऊ नका, लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत.

काही दुखणी ठिपका देऊन वाट बघायची नसतात. क्षणात कळस गाठणारं, आयुष्यात पहिल्यांदाच एवढं भयंकर दुखणं, ताप आणि मान आखडणं, हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, अशा वेळी थेट हॉस्पिटल. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी पण तपासून घ्याच.

माझी रोजची गोळी आता दहा महिने झाली, डॉक्टरांनी दिवाळीनंतर हळूहळू कमी करू म्हटलंय. या महिन्यात लाल ठिपके तीन आहेत, निळे पाच.