रक्ताच्या टेस्टने फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर कळतो का? आधी काय करायचं ते बघा

घरात बाबा किंवा काका वर्षानुवर्षं सिगरेट ओढतायत आणि कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर 'नॅनो सेन्सरवाली ब्लड टेस्ट' फॉरवर्ड केलीय, तर लगेच पैसे भरू नका.

आयडिया खरी आहे. गाठीतून डीएनएचे तुकडे, प्रोटीन, एक्सोसोम नावाच्या बारीक पिशव्या रक्तात उतरतात, पण सुरुवातीला इतक्या कमी की साध्या टेस्टला सापडत नाहीत. सेन्सरवर सोन्याचे नॅनोकण किंवा ग्राफीन (कार्बनचा अतिशय पातळ थर) असतं, त्यावर अँटिबॉडी चिकटवलेल्या, नेमकं प्रोटीन येऊन बसलं की करंट किंवा प्रकाश बदलतो आणि तो मोजतात. हे बहुतेक अजून रिसर्चमध्येच आहे हां.

लॅबच्या पॅकेजमध्ये सीईए (कॅन्सरची खूण म्हणून रक्तात मोजतात ते एक प्रोटीन) असतं, त्यावर विसंबू नका, नुसत्या सिगरेटनेही ते वाढतं आणि नॉर्मल आलं म्हणून कॅन्सर नाही असंही नाही.

मग करायचं काय? वय 50 ते 80, रोज 1 पाकीट असं 20 वर्षं ओढलेलं, चालू आहे किंवा सोडून 15 वर्षं झाली नाहीत, तर डॉक्टरला लो-डोस सीटीबद्दल (कमी रेडिएशनचा छातीचा स्कॅन) विचारा (हा अमेरिकेतला 2021 चा निकष). 2011 च्या तिथल्या मोठ्या अभ्यासात छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत याने फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे जुन्या टीबीचे डागही सीटीत दिसतात, त्यामुळे जुने एक्स-रे सोबत न्या.

आणि खोकल्यातून रक्त येत असेल तर स्क्रीनिंग (त्रास नसताना करायची तपासणी) वगैरे सोडा, सरळ छातीच्या डॉक्टरकडे जा. टीबी समजून औषधं चालू असून फरक पडत नसेल तर बायोप्सीचं स्पष्ट विचारा, गाठ निघाली तर परळचं टाटा आहेच.