स्टीलची टूरिंग सायकल जोडताना: आधी मापं, मग खरेदी

लांबच्या, सामानासह प्रवासासाठी (टूरिंग) सायकल जोडायची तर पहिली खरेदी व्हर्नियर कॅलिपरची (बारीक मापं घ्यायच्या पट्टीची), हँडल-सीटची नाही. स्टीलच्या फ्रेमचा मोठा फायदा असा की तिचे आटे आणि मापं बहुतेक ठरावीक असतात. मोठा तोटा असा की ठरावीक मापं एक नाही, चार-पाच आहेत, आणि ती डोळ्यांना सारखीच दिसतात. सीटपोस्टचंच (सीट ज्यावर बसते त्या दांड्याचंच) घ्या. २७.२ मिमी सर्रास असतं, पण २६.८ आणि २७.० याही फ्रेमा भेटतात. जुना सीटपोस्ट बाहेर काढला की त्याच्या खालच्या भागावर बहुधा आकडा कोरलेला सापडतो. तो वहीत लिहून ठेवा. ०.२ मिमीने बारीक पोस्ट घेतला तर क्लॅम्प कितीही आवळा, सीट हळूहळू खाली सरकत राहते.

मग मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं (चाकाचा ॲक्सल बसतो त्या खाचांमधलं) अंतर मोजा. जुन्या सहा-सात गिअरच्या रोड फ्रेमला १२६ मिमी असतं, नंतरच्या रोड फ्रेमला १३०, आणि माउंटन किंवा टूरिंगच्या फ्रेमला १३५. १३० चं हब (चाकाचा मधला गाभा) १२६ च्या फ्रेममध्ये हाताने थोडं फाकवून बसतं. १३५ बसवायचं असेल तर मात्र फ्रेम जाणकाराकडून कायमची फाकवून घ्या: दोन्ही बाजूंना सारखी, आणि नंतर ड्रॉपआउट एकमेकांना समांतर करून. हे फक्त स्टीललाच जमतं. ॲल्युमिनियम किंवा कार्बनवर हा प्रयोग नको.

बॉटम ब्रॅकेटचं (पेडलच्या दांड्याचा ॲक्सल ज्यात फिरतो त्या भागाचं) कवच ६८ मिमी रुंद असेल तर बहुधा इंग्लिश आटे, ७० असेल तर बहुधा इटालियन. इंग्लिश कवचात उजव्या कपाचे (बेअरिंग धरणाऱ्या वाटीचे) आटे उलटे असतात, इटालियनमध्ये दोन्हीकडचे सरळ. पाना लावण्याआधी हे डोक्यात पक्कं असू द्या, कारण सैल करतोय अशा समजुतीने उलटा कप आणखी आवळणारे पुष्कळ आहेत. पेडलचंही तसंच: डाव्या पेडलचे आटे उलटे.

आता आरामाचं. ‘स्टील धक्के खातं’ हे वाक्य सायकलवाल्यांमध्ये इतकं फिरलंय की ते कुणी तपासत नाही. त्रिकोणी फ्रेम उभ्या दिशेने जवळजवळ वाकतच नाही. पुढचा फोर्क थोडाफार देतो, तेवढंच. धक्का खातो तो टायर. म्हणून आरामासाठी पैसे टाकायचे असतील तर ते आधी टायरवर टाका. रेनॉल्ड्स कंपनीची ५३१ ही स्टीलची नळी १९३५ सालची. तिच्या फ्रेमा आजही लोक हौसेने शोधतात, आणि शोधाव्यातही. पण त्याच फ्रेमवर कडक फुगवलेले २३ मिमीचे टायर चढवले तर दोन तासांत मनगटं बोलायला लागतात.

किती रुंद टायर बसेल ते तीन ठिकाणी मोजायचं: फोर्कच्या डोक्याखाली, मागच्या दोन चेनस्टेच्या (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) मधे आणि ब्रेकच्या कमानीखाली. त्यातलं सर्वांत अरुंद माप खरं. त्यातून मडगार्डसाठी आणि चिखल-खड्यांसाठी सगळीकडून काही मिलिमीटर मोकळे सोडा. सामान लादून चालवायची सायकल असेल तर ३५ ते ४२ मिमीचा टायर आणि वर मडगार्ड, एवढी जागा हवीच. ती नसेल तर फ्रेम कितीही देखणी असो, दुसरी बघा. टायरवर इंचांत काय छापलंय त्याकडे फार लक्ष देऊ नका. ६२२, ५८४ किंवा ५५९ असा मिलिमीटरमधला आकडा शोधा. रिम आणि टायर यांचा तो आकडा जुळला तरच टायर बसतो. लहान फ्रेमवर ६२२ च्या चाकाला वळताना बुटाचं टोक लागतं, आणि मडगार्ड लावल्यावर जास्तच. तिथे ५८४ किंवा ५५९ चं चाक शहाणपणाचं.

हवा किती? सायकलविषयी लिहिणारे फ्रँक बर्टो यांनी सांगितलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो: वजन पडल्यावर टायरची उंची सुमारे पंधरा टक्के दबावी. ४० मिमी उंचीचा टायर तुम्ही आणि सामान चढल्यावर साधारण ३४ वर यावा. भिंतीला टेकून सायकलवर बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी पट्टी धरायला सांगा. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून मागे हवा जास्त. टायरच्या बाजूवर छापलेला मोठ्ठा आकडा ही वरची मर्यादा आहे, शिफारस नव्हे.

चाकांना ३६ स्पोक, तीन फुल्यांचं विणकाम (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकांना छेदतो), मधे बारीक असलेले २.० / १.८ मिमीचे स्पोक आणि पितळी निपल. यात नवं काही नाही आणि नवं काही नकोच. मागचं हब कॅसेटचं (गिअरच्या चकत्या हबवर सरकवून बसतात असं) घ्या. जुन्या फ्रीव्हीलच्या (चकत्यांचा गठ्ठा आट्यांनी बसतो अशा) हबमध्ये उजवीकडचे छर्रे पार आत असतात, त्यामुळे ॲक्सलचा बराच भाग आधाराविना राहतो आणि सामानाखाली वाकतो. चाक हातात आलं की स्पोक जोडी-जोडीने दाबून बघा. एका बाजूचे सगळे साधारण सारखे ताणलेले लागले पाहिजेत. एखादा लुळा लागला तर आऊट काढलेला (चाक सरळ फिरतं) असूनही ते चाक टिकणार नाही. स्पोक तुटतो तो बहुतेक वेळा मागच्या चाकाचा, कॅसेटच्या बाजूचा, म्हणजे नेमका जिथे हत्याराशिवाय हात पोहोचत नाही तिथला. म्हणून जादा स्पोक आणि कॅसेट काढायचं हत्यार दोन्ही बरोबर हवं. मागच्या चाकाच्या उजव्या-डाव्या स्पोकांची लांबी वेगळी असते, पुढची बहुधा आणखी वेगळी. प्रत्येकाचे दोन घ्या.

सीट मऊ हवी असा आग्रह धरू नका. मऊ गादीत बैठकीची हाडं रुततात आणि भार नको तिथे येतो. रुंदी हाडांच्या अंतराला जुळणारी हवी, बस्स. चामड्याची सीट अंगाला वळायला वेळ घेते आणि पावसात जपावी लागते. ज्यांना ती मानवते ते दुसरीचं नाव घेत नाहीत. उंचीसाठी टाच पेडलवर ठेवून पेडल खाली न्या: पाय जेमतेम सरळ व्हावा, कंबर कलू नये. मग पंजा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. सीट आधी पाण्याच्या लेव्हलने सपाट करा, नंतरचे बदल एका वेळी तीन-चार मिलिमीटरचेच, आणि एका वेळी एकच. सीट मागे-पुढे सरकवली की उंची पुन्हा तपासावी लागते. हे कंटाळवाणं आहे, पण इथली टाळाटाळ गुडघे वसूल करतात.

हँडल सीटच्या बरोबरीला किंवा जरासं खाली. जुन्या पद्धतीचा क्विल स्टेम (हँडल धरणारा, फोर्कच्या नळीत घुसणारा; दांडा २२.२ मिमी) वर-खाली होतो, ही टूरिंगवाल्यांसाठी केवढी सोय! मात्र दांड्यावरची किमान खोलीची रेघ बाहेर दिसता कामा नये. काढताना वरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून त्यावर लाकडी ठोकळा ठेवून ठोका, म्हणजे आतली पाचर सुटते. हँडलचा मधला व्यास २५.४, २६.० किंवा ३१.८ असतो. यातली पहिली दोन मापं हातात घेऊन ओळखू येत नाहीत: २५.४ चं हँडल २६.० च्या स्टेममध्ये आवळलं तर ते घट्ट वाटतं आणि पहिल्या जोरदार ब्रेकला पुढे फिरतं. व्हर्नियर म्हणूनच घ्यायचा.

गिअरमध्ये सर्वांत हलका कोणता, एवढंच आधी बघा. पुढे २६ दात, मागे ३४ असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.७ मीटर जाते. रोड सायकलच्या ३४ आणि २८ ला तेच २.७ होतं, आणि भरल्या सामानानिशी घाटात त्यावर उतरून ढकलायची वेळ येते. पुढे ४८-३६-२६ आणि मागे ११-३४ जोडलं तर मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) (४८−२६) + (३४−११) म्हणजे चेनची ४५ दातांची ढील पेलावी लागते. म्हणून लांब पिंजऱ्याचाच (चेन ताणून धरणारा भाग लांब असलेलाच) घ्या. शिमानोचे नऊ गिअरपर्यंतचे रोड आणि माउंटनचे मागचे डिरेलर एकमेकांच्या शिफ्टरबरोबर (गिअर बदलायच्या कळीबरोबर) चालतात, दहापासून ते बंद. नऊवर थांबण्याला हे एक कारण पुरेसं आहे.

ब्रेक कोणताही घ्या, लिव्हर त्याच्या जोडीचा घ्या. व्ही-ब्रेकला (लांब बाहूंनी रिम दाबणाऱ्या ब्रेकला) जास्त केबल ओढणारा लिव्हर लागतो. तोच कँटिलिव्हरला (आखूड बाहूंच्या जुन्या प्रकाराला) लावला तर लिव्हर छान कडक लागतो, सायकल मात्र थांबत नाही. आणि गिअरची बाहेरची केबल ब्रेकला कधीच लावू नका: तिच्यातल्या तारा लांबीला समांतर असतात आणि ब्रेकच्या ताणाखाली ती फुटू शकते. ब्रेकची केबल गोल गुंडाळीची असते, कापलेल्या टोकाकडे पाहिलं की कळतं.

कॅरियर स्टीलच्या नळीचा, एम५ बोल्टवर. पॅनियर (कॅरियरच्या बाजूला लटकणारी पिशवी) अडकवून पेडल उलटं फिरवून बघा. टाच घासत असेल तर पिशवी मागे सरकवा. ती सरकत नसेल तर चेनस्टे आखूड आहेत, पिशवी लहान घ्या. जड सामान खाली आणि काही भाग पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, सारख्या वजनाचा.

जोडणी करताना सीटपोस्ट, क्विल स्टेम, बॉटम ब्रॅकेटचे कप आणि पेडलचे आटे या चारही ठिकाणी ग्रीस लावा. स्टीलमध्ये कोरडा ॲल्युमिनियम पोस्ट काही पावसाळे राहिला की गंजून एकजीव होतो आणि मग कापूनच काढावा लागतो. सगळं उघडलेलं आहे तोवर नळ्यांच्या आत गंजरोधक तेल फिरवून घ्या, आणि बॉटम ब्रॅकेटखालचं पाणी जायचं भोक मोकळं आहे ना बघा. कॅरियरच्या बोल्टांना मात्र ग्रीस नको, निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव). तरीही सामानासह पहिल्या मोठ्या फेरीनंतर ते सगळे ४ मिमीच्या ॲलन कीने तपासा, त्याच वेळी हेडसेट (फोर्क फिरतो तो बेअरिंगचा सांधा) आणि मागचे स्पोकही. ती की पुढच्या पिशवीत वरच्या कप्प्यात ठेवा, आणि तिच्याबरोबर दोन जादा एम५ बोल्ट.